टाकीची दोन कुलपं

पाण्याच्या टाकीची शिडी लोखंडी दारामागं होती, आणि त्या दाराला कुलपं दोन: एक लातूर महापालिकेचं, दुसरं ग्रामपंचायतीचं. हद्दीवरच्या त्या वसाहतीत घरं सेहेचाळीस. कावीळ झालेली माणसं अकरा. गरोदर बाया दोन. त्यातली पंचफुला सोमवारी त्याच काविळीनं गेली. उरली तनुजा, ज्योत्स्नाची वहिनी, सातव्या महिन्यातली.

ज्योत्स्ना बीएस्सी झालेली. तिनं नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे, थेंब टाकले. क्लोरीन असतं तर पाणी पिवळं झालं असतं. ते तसंच राहिलं. म्हणजे टाकीत टीसीएल, ती क्लोरीनची जंतुनाशक पावडर, पडतच नव्हती. घरी प्यायचं पाणी उकळत होते, पण चूळ, भांडी, कोथिंबीर सगळं त्याच नळाखाली.

पाणी महापालिकेचं, जागा गावाची. म्हणून एकट्यानं वर चढायचं नाही, असं दोन्ही कचेऱ्यांनी ठरवलेलं.

"ग्रामसेवकाला आणा, लगेच उघडतो," महापालिकेचे अभियंता शिवप्रसाद म्हणाले. "पाणी आमचं, ताई. कावीळ त्यांच्या हद्दीतली."

ग्रामसेवक शेषेराव बशीतला चहा फुंकत होते. "हद्दवाढीला आम्ही न्हाई म्हणलो, तवापासून ते फुगून बसलेत. आता आम्हीच पाया पडावं व्हय? वहिनीला माहेरी धाडा की, लोह्याला."

"बाकीच्या घरांनी कुठं जायचं, साहेब?"

"ज्याचं त्याचं माहेर असतंयच की!"

त्या संध्याकाळी तनुजानं भरलं ताट बाजूला सारलं. तिच्या डोळ्यांत पिवळेपणा उतरला होता. ज्योत्स्नानं छिन्नी-हातोडी घेऊन दोन्ही कुलपं तोडली. पावडर बादलीत कालवली, तिच्यातला चुना खाली बसू दिला, वरची निवळ टाकीत ओतली. तासाभरानं ओटीनं पाणी पिवळं केलं.

सकाळी महापालिकेची जीप आणि शेषेरावांची मोटरसायकल बरोबरच आली. वसाहतीनं हे पहिल्यांदाच पाहिलं. शिवप्रसादांनी मजकूर सांगितला, शेषेरावांनी लिहिला: कुलपांची मोडतोड, पाण्यात अनोळखी पदार्थ. खाली दोघांच्या सह्या. टाकी रिकामी करून पुन्हा भरली. नवी कुलपं लावली, दोन.

"आम्ही एकत्र येत न्हाई म्हणत होता ना?" शेषेराव हसले. "आलो की, शास्त्रज्ञबाई."

तनुजाला दवाखान्यात हलवलं, तेव्हा ज्योत्स्ना पोलीस ठाण्यात जबाब देत होती. चौथ्या दिवशी तनुजा गेली, पोटातल्या बाळासकट.

तनुजाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुण्यांसाठी पाणी भरायला ज्योत्स्ना नळावर गेली. घागर लावण्याआधी तिनं परीक्षानळी धरली, थेंब टाकले, पट्टीशी रंग ताडून पाहिला.

क्लोरीन शून्य.