जिन्यातला देव

निपाणीत आम्ही राहायचो त्या माडीला जिना एकच, तोही लाकडी. खाली आण्णासाहेबांची तंबाखूची वखार, वर आम्ही चार बिऱ्हाडं, आणि ज्याला जे नको असेल ते जिन्यात. तंबाखूची पोती, शेणी-गोवऱ्या, जळण, मोडका पाळणा. पाण्याची घागर कमरेवर घेऊन मी आडवी होऊन चढायचे. किती खेपा घातल्या ते विचारू नका, कंबर अजून सांगते.

माझ्या सासूचे, नागुबाईंचे, पाय गेले होते. मी त्यांना आत्ती म्हणायचे. त्यांना वर आणलं तेच लेकाच्या पाठीवरून. पलीकडच्या गल्लीत एक वखार जळाली, आणि तेव्हापासून माझ्या नवऱ्याला एकच घोर लागला. आग लागली तर आईला खाली कसं आणायचं? नगरपालिकेचा शिपाई येऊन भिंतीला कागद चिकटवून गेला होता, जिना मोकळा ठेवा, तंबाखूजवळ उघडा दिवा नको. शेजारच्या रुक्माबाईनं त्या कागदाखालीच शेणी रचल्या.

नवरा त्याच वखारीत हमाल. आण्णासाहेबांपुढं जाऊन उभा राहिला.

"हंगाम तेवढा सरू दे रं, मष्णू," ते म्हणाले.

हंगाम सरला, पोती तिथंच. सांगून सांगून नवऱ्याच्या जिभेला घट्टे पडले.

मग एका पहाटे त्यानं नदीतला गोटा आणला, शेंदूर फासला आणि जिन्याच्या वळणावर ठेवला. मला म्हणाला, "आईला सांगू नगं."

उन्हं वर यायच्या आत जिना मोकळा! कागदानं झालं नाही ते शेंदरानं केलं. आण्णासाहेब जैन, पण त्यांनीही लांबून हात जोडले. "कुणाचा का असंना, देव हाय," म्हणाले आणि पोती हलवली. मी भरली घागर घेऊन सरळ चढले त्या दिवशी. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण देव म्हटला की एकटा राहतो होय? रुक्माबाईनं चौरंग आणला. कुणी लाल झालर लावली. कापूर आला, नारळाची शेंडी आली, जिना पुन्हा अडला, आणि आता त्यातलं काही हलवायची कुणाची छाती नव्हती. वर आत्तींनी नवस बोलला, पाय येईपर्यंत देवापुढं अखंड दिवा.

"आता तरी खरं सांगा की त्यास्नी," मी नवऱ्याला म्हटलं.

"तिचं तोंड बघितलंस न्हवं? कसं सांगू?"

तेही खरंच होतं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडणाऱ्या आत्ती हसायला लागल्या होत्या. रोज संध्याकाळी लेकाच्या पाठीवरून वळणापर्यंत यायच्या आणि स्वतःच्या हातानं तेल घालायच्या. त्या दिव्याबाबतीत फार कडक. मी नवी असताना एकदा समई फुंकून विझवली, तर चार दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

एक दिवस भर दुपारी झालरीनं पेट घेतला. नवरा गाडीबरोबर बाजारात गेलेला. बाकीची बिऱ्हाडं भराभर खाली पळाली. मी आत्तींना पाठीवर घेतलं. वळणावर आले तर चौरंग आडवा, वर झालर जळतेय, धुरानं डोळे उघडेनात.

"आदी देवाला घे गं!" आत्ती ओरडल्या आणि त्यांनी कठड्याला मिठीच मारली. काही केल्या सोडीनात.

"दगड हाय त्यो, आत्ती! तुमच्या लेकानं नदीतनं आणलाय, वाट मोकळी व्हावी म्हणून!"

त्यांचे हात सुटले. मी पायानं चौरंग भिंतीकडं लोटला आणि उतरले. पाऊल भाजलं ते नंतर कळलं.

हमालांनी ओली पोती मारून आग विझवली. झालर, चौरंग आणि थोडा कठडा गेला. "देवानंच राखलं बाई," रुक्माबाई म्हणाली. संध्याकाळी तिनंच गोटा धुऊन, शेंदूर लावून पुन्हा वळणावर ठेवला, आणि पुढं दिवा. मला हसावं की रडावं कळेना. खरं तर दोन्ही करायला अंगात जोर नव्हता.

दिवेलागणीला नवरा बाजारातून धावत आला आणि अंगणात बसवलेल्या आईच्या पायाशी बसला. त्याच्याकडं न बघताच आत्ती बोलल्या.

"ठेवलास ते ठेवलास. मला तेवढं सांगायचं हुतंस रं. पाय यायचं न्हाईत, ह्ये तरी कळलं आसतं."

तो रडायला लागला. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "उचल आता."

तो त्यांना घेऊन चढला, मी मागं. वळणावर रुक्माबाई तेलाची वाटी घेऊन उभी होती. रोजच्यासारखी तिनं ती पुढं केली.

"थांब रं," आत्ती लेकाला म्हणाल्या. वाटी घेतली नाही. त्याच्या खांद्यावरून वाकल्या आणि फुंकर मारून दिवा विझवला.