यतीनच्या खुर्चीमागचा जेड

मित्रांनो, मी जेड आहे. कुंडीतल्या झाडाला दोन वर्षे म्हणजे काही फार नव्हेत, पण मी स्वतःला जुनाच समजतो. माझी पाने जाड आणि नखाएवढी आहेत. ती मधे हिरवी आणि कडेला सायीसारखी पांढरी असतात. भरपूर ऊन मिळाले की त्या कडांवर गुलाबी रेघ उमटते. त्या रेघेसाठीच लोक मला घरात मांडतात. पण पानाच्या पांढऱ्या भागाला अन्न तयार करता येत नाही, म्हणून साध्या जेडपेक्षा मला जास्त उजेड लागतो. हे समजून घेणारे एकच माणूस मला भेटले. त्या पद्माआजी.

पद्माआजी जानेवारी २०२० मध्ये पुण्याहून सिडनीला आल्या. मुलगा यतीन आणि सून रुचा हॅरिस पार्कमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत. रुचाच्या बाळंतपणासाठी आजी तीन महिन्यांकरता आल्या होत्या. त्यांचे यजमान दीनानाथ गुडघ्यांमुळे पुण्यातच थांबले होते. मार्चमध्ये वेदचा जन्म झाला आणि त्याच महिन्यात सगळीकडची विमाने बंद पडली. आजींचे एप्रिलचे तिकीट रद्द झाले. त्यांची घालमेल पाहून समोरच्या फ्लॅटमधल्या सुशीलाबाईंनी आपल्या झाडाची वीतभर फांदी त्यांना आणून दिली. तोच मी.

आजींनी मला लगेच मातीत खोचले नाही. चार दिवस सावलीत ठेवून कापलेली जागा सुकू दिली. दह्याच्या मोठ्या डब्याला खालून भोके पाडली, मातीत निम्मी वाळू मिसळली आणि मला दक्षिणेच्या खिडकीत ठेवले. आठवड्यानंतर त्यांच्या लक्षात आले, की या देशात सूर्य उत्तरेकडून जातो. स्वतःशीच हसत त्यांनी मला उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत आणले. माती पूर्ण कोरडी झाली आणि पाने किंचित सुरकुतली, तरच त्या पाणी घालत. एखादी डहाळी नुसतीच हिरवी फुटली तर ती बुडापासून कापत, कारण तशी डहाळी जोराने वाढते आणि पांढऱ्या कडांच्या डहाळ्यांना मागे टाकते.

रोज दुपारी एक वाजता दीनानाथांचा व्हिडिओवर फोन येई. तिकडे तेव्हा सकाळ असे. चहा कसा बिघडला, पोळ्या कुठून आणल्या, हे ते सांगत. आजी फोन माझ्यासमोर धरत आणि नवे पान दाखवत. "माझ्याकडे काय बघतेस, झाडाकडे बघ," असे ते म्हणत.

यतीन आयटीत होता. त्याचे ऑफिस आता घरातच, दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होते. जूनमध्ये त्याने एक गुळगुळीत पांढरी कुंडी आणली. तिला तळाशी भोकच नव्हते. मला त्या कुंडीत हलवून त्याने आपल्या खुर्चीमागच्या शेल्फावर ठेवले. दुसऱ्याच दिवशी मीटिंगमध्ये माझे कौतुक झाले. "थँक्स, काहीच करावं लागत नाही त्याला," असे यतीन इंग्रजीत म्हणाला. दर शनिवारी आजी मला खिडकीत नेत. सोमवारी सकाळी मी पुन्हा शेल्फावर असे. माझ्या डहाळ्या लांबट झाल्या आणि गुलाबी रेघ पुसली गेली. पडद्यावर मात्र मी छान दिसत होतो.

जुलैमध्ये एका दुपारी यतीनला ईमेल आला. अडकलेल्या लोकांना भारतात नेणाऱ्या विमानाच्या यादीतून आजींना जागा मिळाली होती. दोन दिवसांत होकार कळवायचा होता. रुचा वेदला घेऊन खुर्चीशेजारी उभी होती. आजी आत आंघोळ करत होत्या.

"आईला इतक्यात सांगू नकोस," यतीन हळू आवाजात म्हणाला. "ती गेली तर वेदला कोण बघणार? या दिवसांत डेकेअरला टाकायचं का त्याला?"

"पण बाबा एकटे आहेत," रुचा म्हणाली.

"पुढच्या फ्लाइटला बघू ना."

रुचा वेदला घेऊन आत गेली. यतीनने नकार कळवला. मी त्याच्या पाठीमागे दोन हातांवर होतो, आणि मित्रांनो, झाडाला ऐकू येते पण सांगता येत नाही. त्या रात्री जेवताना आजींनी विमानाचे विचारले, तेव्हा यादी फार मोठी आहे असे तो म्हणाला. पुढच्या विमानाचे नाव मग त्या घरात कोणी काढले नाही. आजींनी वेदला न्हाऊ घातले, भरवले, चालायला शिकवले.

एप्रिल २०२१ मध्ये दीनानाथांना ताप आला. तिसऱ्या दिवशी एकचा फोन आला नाही. पुतण्या बाळने हॉस्पिटलात कसाबसा एक बेड मिळवला. तिथून त्यांनी एकदाच फोन केला. "पद्मा, ये आता," एवढेच ते म्हणाले. पाचव्या दिवशी ते गेले. त्याच आठवड्यात भारताची विमाने पुन्हा थांबली. अंत्यसंस्कार बाळनेच केले. आजींना काहीही पाहता आले नाही.

सुशीलाबाई मास्क लावून भेटायला आल्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "माझी नणंद गेल्या जुलैत त्या विमानाने भारतात गेली. जागा तुम्हालाही आली होती ना? रुचा तेव्हा म्हणाली होती. मला वाटलं, नातवासाठी तुम्हीच थांबलात."

संध्याकाळी यतीनने लॅपटॉप मिटला, तेव्हा आजी त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"गेल्या जुलैत माझी जागा आली होती?"

"आई, वेद तेव्हा चार महिन्यांचा होता."

"मी वेदचं वय नाही विचारलं."

तो रडू लागला. आजी रडल्या नाहीत. त्यांनी वेदचे खिमट गॅसवरून उतरवले आणि त्याला भरवायला बसल्या. पुढे सिडनीत लॉकडाऊन लागला. ते सगळे महिने आजींनी त्या घरातले प्रत्येक काम केले, पण मुलाशी कामापुरतेच बोलल्या. डिसेंबरात त्यांनी सुशीलाबाईंच्या मदतीने स्वतःचे तिकीट स्वतः काढले. निघताना त्या वेदला खूप वेळ पोटाशी धरून होत्या. परत कधी येशील, असे यतीनने विचारले. त्यांनी वेदला रुचाकडे दिले आणि बॅग उचलली.

मी अजून शेल्फावरच आहे. यतीन मला रोज पाणी घालतो. कशासाठी, ते मला कळते. पण भोक नसलेल्या कुंडीत पाणी साचते आणि माझी मुळे कुजत आहेत. पांढऱ्या कडांच्या डहाळ्या एकेक करून गळल्या. उरलेली नुसती हिरवी आहे. मीटिंगमध्ये अजूनही कोणीतरी म्हणते, काय सुंदर झाड आहे. माझ्या आईने लावले आहे, असे तो सांगतो.

मित्रांनो, झाड घरात आणाल तेव्हा ते कुठे शोभते यापेक्षा ते कुठे जगते हे पाहा. पण मला त्याहून मोठे मागणे मागायचे आहे. तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस 'मला घरी जायचे आहे' असे म्हणत असेल, आणि त्याच्या नावाने एखादे पत्र आले, तर ते आधी त्याच्याच हातात द्या. थांबायचे की जायचे, ते त्याला ठरवू द्या. पद्माआजी कदाचित थांबल्याही असत्या.