वच्छलाच्या वाट्याची शाल

मित्रांनो, नाकाला रुमाल लावू नका. माझ्या अंगाला ऑइलचा वास येतो, ते मलाही कळतं. मी एक जुनी हिमरू शाल आहे. सध्या माझा मुक्काम एका मोठ्या पांढऱ्या गाडीच्या डिकीत, जॅकच्या आणि पान्याच्या शेजारी. पण आज कोण कुठं पडलंय ते बघून कुणाचं खानदान ठरवू नये. माझं तर मुळीच नको. मी इथलीच, आपल्या छत्रपती संभाजीनगरची. आणि माझं खानदान चांगलं आहे.

जुन्या शहरातल्या एका बोळात हैदरचाचांचा हातमाग होता. त्याच मागावर माझा जन्म झाला. उभा धागा सुताचा, आडवा रेशमाचा, रंग डाळिंबी आणि अंगभर कैऱ्या. चाचा विणताना कुणाशी बोलत नसत. एखादी कैरी मनासारखी उतरली, की मागालाच म्हणायचे, "शाब्बास बेटा!" मी पुरी झाले तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्यांना हाक मारून मला दाखवलं. गिऱ्हाइकं यायची, हात फिरवायची, वाहवा करायची, पण चाचा मला कुणाला देईनात. "सही कंधा मिलने दो," एवढंच म्हणायचे. मग मी त्यांच्या कपाटात पडून राहिले, बरीच वर्षं.

चाचांची मुलगी सगीरा मराठी शाळेत शिकली. मुलींची शाळा, दहावीपर्यंतची. तिच्या बाकावर वच्छला बसायची. हीच ती वच्छला, जिच्यासाठी मी आज तोंड उघडलं आहे.

दहावी झाली आणि मुली पांगल्या. आता तुम्ही म्हणाल, मग काय झालं, शोधायच्या. अरे, मुलांना शोधणं सोपं असतं. त्यांचं नाव जन्मभर तेच राहतं. मुलीचं लग्न झालं की आडनाव जातं, आणि पुष्कळदा सासरची मंडळी तांदळात नवीन नाव लिहून जुनंही पुसतात. शाळेतली सुशीला शोधायला जावं, तर ती सासरी भाग्यश्री झालेली! पण वच्छला चिकट. ती एकेकीच्या माहेरी गेली. म्हाताऱ्या आयांजवळ बसली, भावजयांच्या हातचा चहा प्यायली, आणि एकेकीचा पत्ता काढला. एक खुलताबादला सापडली, एक जालन्याला. सुशीला तर फर्दापूरला निघाली. लेणी बघायला येणाऱ्यांसाठी नवऱ्याच्या हॉटेलात भजी तळत होती. वच्छला समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय गं सुशे, वळखलं का?" इतक्या वर्षांनी आपलं जुनं नाव ऐकून त्या बाईनं हातातला झारा तसाच टाकला आणि गळ्यात पडून रडली.

असं करत करत पोरींचं पहिलं स्नेहसंमेलन भरलं. पोरी कसल्या, चाळिशी ओलांडलेल्या बायका. त्यांच्या खंडागळे बाईंचा सत्कार करायचं ठरलं. सगीरानं घरी विचारलं, आणि हैदरचाचांनी कपाट उघडून मला बाहेर काढलं. "उस्तानी के वास्ते? ले जा," म्हणाले.

बाईंनी मला खांद्यावर घेतलं, पदरानं डोळे पुसले, आणि लगेच उतरवून पुन्हा तबकात ठेवलं. म्हणाल्या, "पोरींनो, एवढी देखणी शाल माझ्या कपाटात कशाला कोंडता? दर वर्षी तुमच्यातल्या एकीच्या खांद्यावर घाला. जिनं सोसलंय, जिनं काही केलंय, तिच्या. दिवसभर मिरवू दे तिला. संध्याकाळी परत तबकात."

तो रिवाज पडला. मी साऱ्या वर्गाची झाले, आणि मला सांभाळायचं काम आलं वच्छलाकडं. मित्रांनो, माझे खरे सुखाचे दिवस तेच! मऊ मलमलीत गुंडाळलेली, घडीत लवंगा ठेवलेल्या. दसरा झाला की ती मला बाहेर काढायची, सावलीत पसरायची आणि घडी बदलायची, म्हणजे एकाच जागी धागा तुटू नये. पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही.

मी किती खांदे बघितले! सरकारी दवाखान्यात जन्म घालवलेल्या नर्सबाईचा खांदा. नवरा गेल्यावर शिवणक्लास काढून घर चालवणाऱ्या सगीराचा. सुशीलाचा खांदा तर मी कधी विसरणार नाही. उभ्या जन्मात तिचा कुणी सत्कार केला नव्हता. दिवसभर ती मला सोडेना. जेवतानासुद्धा डावा हात माझ्यावर ठेवून जेवली.

या सगळ्यासाठी आठवडा आठवडा फोन कोण लावायचं? वच्छला. नुसता निरोप देऊन बायका येत नाहीत हो. एकीच्या सासूशी बोलावं लागतं, "काकू, एक दिवस सोडा की, मी स्वतः आणून घालते." एकीच्या नवऱ्याची समजूत काढावी लागते. एकीचे गुडघे दुखतात, तिला रिक्षा सांगावी लागते. हे सगळं वच्छला करायची, आणि त्या दिवशी तबक धरून उभी राहायची. तिची पाळी मात्र येत नव्हती. दर वर्षी कुणीतरी तिचं नाव काढायचं, आणि दर वर्षी कुणीतरी हसून म्हणायचं, "वच्छीचं काय, ती घरचीच! पुढच्या वर्षी घालू." तीही हसायची. "व्हय गं, मला काय घाई?"

पण मला माहीत होतं. एकदा दुपारी घरात कुणी नव्हतं. घडी बदलता बदलता तिनं मला खांद्यावर घेतलं आणि आरशापुढं उभी राहिली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग लाजली आणि झटकन काढून ठेवलं. "नाय बाई, अशी चोरून नाय. समद्यांसमोरच." तिला माझा सोस नव्हता. आपण केलेलं कुणाच्या तरी डोळ्यांत दिसावं, एवढीच तिची भूक होती. तिची सून तनुजा फोन करणाऱ्या सासूकडं बघून नेहमी म्हणायची, "आई, तुम्ही सगळ्यांना लावता, तुम्हाला कोण लावतं हो?" वच्छला ते हसण्यावारी न्यायची. पण घासभर कमी जेवायची त्या दिवशी.

आणि मग शैलजा आली.

शैलजा त्याच वर्गातली. जन्म पुण्यात काढला, आणि नवऱ्यानं इकडं बांधकामं सुरू केल्यावर गावी परतली. नवऱ्याचं नाव साहेबराव. बीड बायपासला त्याचं मोठं लॉन, लग्नाकार्याचं. शैलजा पहिल्याच बैठकीत म्हणाली, "या वर्षी सगळं माझ्याकडं. लॉन आमचंच आहे. आणि ऐका गं, या वर्षी शाल वच्छीलाच. फार झालं घरचीच, घरचीच. माझा शब्द!"

सगीरा खरी तिखट. म्हणाली, "शब्द दिलास ना? मग पलटू नको बरं. घर की मुर्गी दाल बराबर, असं करून टाकलंय तुम्ही तिचं."

"अगं, शप्पथ!" शैलजानं गळ्याला चिमटा घेतला.

त्या संध्याकाळी वच्छलानं मला मांडीवर घेतलं आणि नुसती हात फिरवत बसली. दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यात जाऊन मोतिया रंगाची साडी आणली. माझा डाळिंबी रंग तिच्यावर उठून दिसावा, म्हणून तो रंग. ब्लाऊज शिवायला सगीराकडं टाकला. आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं. सुनेला म्हणाली, "तनुजा, तू पण चल. या वर्षी माझी हाय शाल." तनुजानं सुट्टी काढली. सासूच्या साडीच्या निऱ्या तिनंच खाली बसून नीट केल्या.

लॉनवर गेलो तर दारातच भला मोठा फलक. वर साहेबरावांचा हात जोडलेला फोटो, आणि खाली बारीक अक्षरात शाळेची बॅच. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आनंदात शालीचीही अक्कल गुंग होते.

शैलजा लगबगीनं आली. "वच्छे, तबक तूच घेऊन ये गं वर. म्हणजे जाणं-येणं एकदाच."

वच्छला तबक घेऊन निघाली. तबकात मी, नारळ आणि फुलांचा गुच्छ. नारळ घरंगळू नये म्हणून तिनं तो अंगठ्यानं दाबून धरला होता. खाली खुर्चीवर तनुजा फोन उंच धरून फोटो काढायच्या तयारीत. व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी होती. वच्छला तिच्याकडं वळली, तोच शैलजा माईकवर बोलू लागली.

"मैत्रिणींनो! हे एवढं सुंदर लॉन ज्यांनी आपल्याला विनामूल्य दिलं, त्या साहेबरावांचा आपण मानाची शाल देऊन सत्कार करतोय. आणि त्यांना शाल घालणार आहे आपली सर्वांची लाडकी, आपली घरचीच... वच्छला!"

टाळ्या. अरे, टाळ्या वाजल्या! मला आधी वाटलं, चूक झाली असेल, आता कुणीतरी उठेल. उठली फक्त सगीरा. "अगं ए शैले! शाल वच्छीची ठरली होती ना? तोंडाला पानं पुसतीस का तिच्या?" पण ध्वनिक्षेपकावर तुतारी सुरू झाली आणि तिचा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. बाकीच्या? नर्सबाईनं मान खाली घातली. सुशीला, जिला भज्याच्या कढईपुढून हाताला धरून आणलं होतं, तीसुद्धा इकडं तिकडं बघून टाळ्या वाजवू लागली. परक्यानं दगा दिला तर माणूस शिव्या तरी देतं. आपल्या माणसांनी गोड बोलून केसानं गळा कापला, तर काय करायचं?

रिकाम्या खुर्चीवर साहेबराव येऊन बसले होते. वच्छलानं तबक बाजूला ठेवलं, मला उचललं, घडी उलगडली आणि त्यांच्या खांद्यावर नीट घातलं. दोन्ही पदर सारखे केले. वाकून हळूच म्हणाली, "साहेब, हिला पाण्यात घालायचं नसतं. सावलीत ठेवा. घडी अधूनमधून बदलत जा."

"हो हो, ताई. समोर बघा, समोर. फोटो."

तिनं समोर बघितलं. समोर तनुजा होती. तिचा फोन मांडीवर उलटा पडला होता.

जेवणं झाली. संध्याकाळी मी तबकात परत यायची, हा रिवाज. वच्छला शैलजाजवळ गेली. "शैला, शाल?"

"अय्या! घातलेली शाल कुणी परत मागतं का? किती वाईट दिसेल गं ते. राहू दे. दुसरी आणू, बाजारात ढिगानं मिळतात."

रिकामं तबक कुणाकडं द्यावं ते वच्छलाला कळेना, म्हणून तिनं ते एका खुर्चीवर ठेवलं. तनुजानं सासूचा दंड धरला. "चला आई, घरी जाऊ." एरवी फटकळ असलेली पोर, त्या दिवशी एवढंच बोलली.

मी साहेबरावांच्या खांद्यावरून गाडीपर्यंत गेले. उकाडा होता. त्यांनी मला काढून कचरू ड्रायव्हरकडं फेकलं. कचरूनं मला आणि नारळाला डिकीत ठेवलं. नारळ घरात गेला, मी राहिले. पुढं जॅक खडखडतो म्हणून कुणीतरी मला त्याच्याभोवती गुंडाळलं. एकदा काच पुसली, एकदा सांडलेलं ऑइल. हैदरचाचांची एक कैरी उसवली, मग दुसरी. पावसाळ्यात मला पाणी लागलं. ओरडावंसं वाटलं, पण शालीचं ओरडणं कोण ऐकतं?

परवाची गोष्ट सांगते. शैलजा गाडीत बसली होती आणि फोनवर कुणाशी तरी कुरकुरत होती. यंदाचं संमेलन फसलं होतं. ग्रुपवर निरोप टाकला तर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, आणि आल्या मोजून चार जणी. मग तिनं वच्छलाला फोन लावला. गाडीत आवाज मोठा येतो, मला लख्ख ऐकू आला. वर्षभरानं तो आवाज ऐकला आणि माझे उरलेसुरले धागे ताठ झाले.

"वच्छे, अगं कुठं गायब झालीस? चौघीच आल्या, म्हणून पुन्हा नवी तारीख धरलीय. तू जरा सगळ्यांना फोन लाव ना. तुझं सगळ्या ऐकतात. तू तर घरचीच!"

वच्छला म्हणाली, "शैला, ती शाल कशी हाय गं? नीट ठेवलीय ना?"

मी जॅकखालून जीव एकवटून ऐकत होते. शैलजाच्या पाठीमागं हातभर अंतरावर होते मी!

"कोणती गं शाल?" शैलजा म्हणाली.

"काय नाय," वच्छला म्हणाली. "राहू दे. ठेवते."

फोन बंद झाला. शैलजा पुढं बघून म्हणाली, "बघितलंस का कचरू? साधे फोन लावायचे, तर किती भाव खाते ही."

मित्रांनो, मला स्वच्छ करा, मला काचेच्या कपाटात ठेवा, असलं काही मी मागत नाही. माझं आयुष्य झालं. मी मागते ते वच्छलासाठी. तुमच्याही वर्गात एक वच्छला असेल. सहलीची जमवाजमव करणारी, आजारी पोराला वही पोचवणारी, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारी. तिला "तू काय, घरचीच" असं म्हणून कधी बाजूला उभं करू नका. तिच्या हातातलं तबक आधी खाली ठेवा, आणि तिला खुर्चीवर बसवा. उद्या तुम्ही मोठे व्हाल, पांगाल, तेव्हा तुम्हाला तुमच्या जुन्या नावानं हाक मारणारी तीच एक असेल. ती गप्प झाली, तर तुम्हाला शोधत कुणी येणार नाही.