पुढच्या फळीचा कोच

वर्लिन स्ट्राउडच्या बायकोला, रोवीनाला, कुणी गाव विचारलं की ती म्हणायची, "सध्या ओहायो." नवऱ्याची नोकरीच तशी, विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल संघांत सहायक कोचची. मुख्य कोचची गच्छंती झाली की त्याचे सहायकही घरी; मग दुसरं विद्यापीठ, दुसरं घर, मुलींची दुसरी शाळा. पेपरात फोटो यायचा मुख्य कोचचा, नाहीतर चेंडू फेकणाऱ्या हिरोचा. वर्लिनकडे असायची पुढची फळी. हिरोला कुणी पाडू नये म्हणून समोरच्यांना छातीवर झेलणारी पाच धिप्पाड पोरं. प्रेक्षकांना त्यांची नावंही ठाऊक नसत. वर्लिनला त्यांच्या आयांचीसुद्धा पाठ असत, आणि रविवारी ती पोरं रोवीनाच्या स्वयंपाकघरात भाजलेल्या कोंबडीचा फडशा पाडत.

त्या वर्षी हंगामातल्या शेवटच्या सामन्यात, अगदी अटीतटीच्या वेळी, फळीतला थॅड कोवालचिक डोक्यावर आपटला. उठला तो थेट दुसऱ्या संघाच्या बाकाकडे चालू लागला. वर्लिननं त्याला दंडाला धरून परत आणलं आणि त्याचं हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत मारलं.

त्या काळी असा मार बसलेल्याला घोटभर पाणी पाजून पुन्हा आत पाठवत. मुख्य कोच होल्कमही तेच म्हणाला. थॅडही खेळतो म्हणत होता.

"आज वार कोणता रे?" वर्लिननं त्याला विचारलं.

थॅड आठवत राहिला.

"हा जाणार नाही," वर्लिन होल्कमला म्हणाला.

"हरलो तर तुला ठेवणार नाही मी."

"नको ठेवूस. पण हा बाकावरच बसेल."

थॅडच्या जागी गेलेला पोरगा कच्चा निघाला. हिरो आडवा झाला, सामना गेला, आणि पाठोपाठ वर्लिनची नोकरी. रोवीनानं खोकी काढली. या खेपेला निदान लोकांना सांगण्यासारखं कारण तरी आहे, एवढंच म्हणाली.

मग एका लहानशा गावातल्या हायस्कुलात तो सकाळी पोरांना गाडी शिकवायचा, दुपारी फळी. तिथं त्याचं बरं चाललं होतं. काही वर्षांनी होल्कमचा फोन आला. तो आता मोठ्या विद्यापीठात होता. आधी हवापाण्याचं बोलला, मग अडखळला.

"माझा मुलगा माझ्याच संघात आलाय. फळीत खेळतो. तो पडला तर मी काय करेन, याचा मला भरवसा वाटत नाही, वर्लिन. तू ये."

वर्लिननं फक्त एक विचारलं: लागलेल्या पोराला बसवायचं की खेळवायचं, हे कोण ठरवणार?

"तू. मी मध्ये पडणार नाही."

 महिनाभरात वर्लिन नव्या मैदानावर होता, दुखऱ्या गुडघ्यावर ओल्या गवतात बसलेला. होल्कमच्या मुलाची टाच हातानं धरून मागं सरकवत होता. "इथं. आता ढकल मला," म्हणाला. पोरानं भीतभीत ढकललं. "अरे, आजी आहे का मी तुझी? जोर लाव."