रबरबँडने बांधलेलं नवं

मुलांनो, घटकाभर माझ्यासोबत कोलशेतला चला. उंच इमारतींच्या मधोमध एक बैठं घर आहे, असं समजा. आज दसरा. दाराला झेंडूसोबत भाताच्या लोंब्या बांधल्यात. आपल्या शेतातल्या पहिल्या लोंब्या दाराला बांधायच्या आणि नव्या तांदळाचा भात खायचा, याला त्या घरात 'नवं' म्हणतात.

ऋतिका चौथीतली. तिचे आजोबा, आनंदाआबा, पाय मोडल्याने पावसाळाभर खाटेवर. रोज संध्याकाळी तिला विचारायचे, "भात कवरा झाला गो?"

ती कमरेपाशी हात धरायची. "एवढा, आबा!"

शेतात भात नव्हताच. आबांनी विश्वासाने मुलाच्या, म्हणजे ऋतिकाच्या बाबांच्या, नावावर करून दिलेलं ते शेत बाबांनी उन्हाळ्यातच बिल्डरला विकलं होतं. "त्यांना बरं वाटलं की सांगू," बाबा ऋतिकाला म्हणाले होते. "तोवर तू गप्प."

दसऱ्याला आबा काठी टेकत दारापर्यंत आले. लोंब्यांवरून त्यांनी हात फिरवला आणि तो थांबला. जुडीला रबरबँड होता. त्या घरात नवं पेंढ्यानेच बांधतात.

"बाजारातून आनलास, कमलेश?"

मग बाबांना शेत विकल्याचं सांगावंच लागलं.

जेवताना आबांनी ताट सरकवलं. "मना नको."

"लहान पोरासारखे काय रुसता, आबा?" दर्शनाआत्या हसली. "आम्हाला कुणालाच गोड लागत नाही मग!" पण सगळ्यांना गोड लागलं. श्रीखंड दोनदा वाढलं गेलं. आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांच्याकडे कोणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशीही ते जेवले नाहीत. बाबांनी ऋतिकाच्या हातात ताट दिलं. "सांग, तुला काही माहीत नव्हतं. तुझ्या हातून खातील."

ती खाटेपाशी गेली. आबा वळले. ताटाकडे हात येता येता त्यांनी विचारलं, "तुला म्हायत होता गो?"

नाही म्हटलं की आबा जेवणार होते.

"होतं, आबा. मी खोटं बोलायची."

आबांचा हात मागे गेला. "तू पन त्यांचीच," असं म्हणून ते पुन्हा भिंतीकडे वळले.

आतून बाबांची हाक आली, "ऋतिका, जेवायला चल!"

ती गेली नाही. ताट जमिनीवर ठेवून ती आबांच्या पाठीमागे बसली आणि तिनेही घास घेतला नाही.