पाचव्या खाटेचा पंप

इन्चार्ज सिस्टरनी नव्या नर्सच्या हातातला कॅल्क्युलेटर काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

“तोंडी सांग. तासाला तीन युनिट इन्सुलिन द्यायचंय. पंप कितीवर लावायचा?”

पाचव्या खाटेभोवती चार नर्स उभ्या होत्या. खाटेवरचे सुतारकाका अर्ध्या तासापूर्वी दुसऱ्या हॉस्पिटलमधून आले होते. इन्सुलिनची भरलेली सिरिंजही तिथूनच सोबत आली होती. उशाशी काकू पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

ती सिरिंजवरचं लेबल वाचायला वाकली.

“उत्तर पोस्टानं येतंय का गं, पॉइंट?”

बाकीच्या हसल्या. पहिल्याच आठवड्यात तिनं कागदावरच्या हिशेबात दशांश चिन्ह एक घर चुकवलं होतं. कुणाच्या अंगात थेंबही गेला नव्हता. पण पाच महिने झाले, लिफ्टवालाही तिला पॉइंटच म्हणत होता. तिला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं, हे महिनाअखेरीला इन्चार्ज सिस्टर लिहून देणार होत्या.

“काकू, घाबरू नका हं,” त्या म्हणाल्या, “हिला आम्ही पेशंटला हात लावू देत नाही. अजून बालवाडीत आहे.”

काकूंना हसावं की नाही ते कळेना.

“आपल्या वॉर्डात पन्नास मिलीत पन्नास युनिट घालतात. एका मिलीत एक. मग तीन युनिट म्हणजे किती? तीन मिली. एवढंही येत नाही?” त्यांनी पंपावर तीन आकडा लावला आणि लेबलकडे न बघताच बटण दाबलं.

लेबलवर लिहिलं होतं, पन्नास मिलीत शंभर युनिट. म्हणजे एका मिलीत दोन. पंप दीडवर हवा होता.

तिचं तोंड उघडलं होतं. तिनं ते मिटलं.

औषधांच्या कपाटापाशी जाऊन ती उगाच बाटल्या सरळ करत राहिली. मोठे डॉक्टर दहाला राउंडला येणार. आत्ता नऊ वीस. चाळीस मिनिटांत दोन युनिटांऐवजी चार जातील. साखर दोनशे दहा आहे. झेपेल. तिनं हिशेब पुन्हा एकदा करून पाहिला. बरोबर होता. दहा वाजता डॉक्टरांसमोर, सगळ्यांसमोर, तिला फक्त लेबल मोठ्यानं वाचायचं होतं.

दहाला निरोप आला, डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेत. तिनं काकांची साखर तपासली. दीडशे.

“बघ कशी उतरतेय,” इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. “शीक जरा.”

“हो, मॅडम.”

हिशेब तिनं दहापर्यंतचाच केला होता. पुढचा केला नाही.

अकराला पाच कमी असताना काकू तिच्याकडे आल्या.

“अगं, यांना दरदरून घाम सुटलाय. आणि मला ताई म्हणतायत.”

ती गेली. काकांचा सदरा गळ्याशी भिजला होता. उजवा हात चादरीवर पुढेमागे होत होता, रंधा मारल्यासारखा. तिनं रुमालानं त्यांचं कपाळ टिपलं. तेवढ्यात दारातून मोठे डॉक्टर आत आले आणि पहिल्या खाटेपाशी थांबले.

“सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून असेल का गं?” काकूंनी विचारलं.

“असेल,” ती म्हणाली. “डॉक्टर आलेच.”

अकराची तपासणी तिनं पुढे ढकलली. दुसरी खाट झाली. तिसरीवरच्या बाईंना डॉक्टरांना बरंच काही सांगायचं होतं. चौथीपाशी डॉक्टर पोहोचले तेव्हा काकांचा हात थांबला.

“सर!” तिचा आवाज वॉर्डभर गेला. “पाचव्या खाटेची सिरिंज दुप्पट ताकदीची आहे. दीडवर हवा होता, पंप तीनवर लावलाय.”

पंप बंद झाला. बोट टोचलं. साखर छत्तीस. शिरेतून ग्लुकोज गेलं. डॉक्टर इन्चार्ज सिस्टरना हळू आवाजात दोन वाक्यं बोलले. त्या मान खाली घालून उभ्या होत्या आणि कुणी हसत नव्हतं. काकांनी वीस मिनिटांनी डोळे उघडले. बायको ओळखू यायला मात्र दुपार झाली.

दुपारी इन्चार्ज सिस्टरनी तिला खोलीत बोलावलं. समोर घटनेचा फॉर्म होता.

“चूक लक्षात कधी आली तुझ्या?”

“आत्ताच, मॅडम. राउंडच्या वेळी.”

त्यांनी पेन टेकवलं, पण लिहिलं नाही.

“सकाळी तू वाकली होतीस. मला वाटलं, तुला वाचायला वेळ लागतोय.”

इन्चार्ज सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी ‘राउंडच्या वेळी’ असं लिहिलं आणि फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

“कर सही.”

तिनं सही केली.

बाहेर काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

“उद्याही तूच असशील ना गं यांच्यापाशी? दुसऱ्या कुणावर आता माझा भरवसा नाही.”

“असेन, काकू,” ती म्हणाली.