चांगलं तेवढं ठेवलं

बोलताना अडणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या बाईंची एक रीत होती. मूल पहिल्यांदा आलं, की काहीही शिकवण्याआधी त्या फोन समोर ठेवायच्या आणि त्याला एक वाक्य म्हणायला सांगायच्या. ‘कडेवर बसून काळी मांजर रस्ता बघते.’ कुणाच्या कडेवर, असं एका चुणचुणीत पोरानं विचारलंही होतं. पण जीभ जिथे जिथे अडखळते ते सगळे खड्डे त्या वाक्यात होते. मूल म्हणेल तसं म्हणू द्यायचं. रडलं तर रडणं, गप्प बसलं तर ते गप्प बसणं, सगळं रेकॉर्ड करायचं. मग दर महिन्याला तेच वाक्य पुन्हा.

हे मुलांसाठी नव्हतं, आईबापांसाठी होतं. डोळ्यांसमोरचं रोप वाढताना दिसत नाही, तसं घरच्यांना मुलाचं सुधारलेलं बोलणं ऐकू येत नाही. वर्ष उलटलं की त्यांचा धीर सुटतो. अशा वेळी बाई वाद घालत नसत. पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावायच्या आणि त्यापाठोपाठ आजचं. शिकवणी बंद करायला म्हणून आलेले अकरा पालक आजवर ते ऐकून गप्प झाले होते, आणि अकराच्या अकरा मुलं पुढच्या आठवड्यात पुन्हा वर्गात होती.

दोन वर्षांपूर्वी बाईंचा फोन भरून वाहायला लागला, तेव्हा मुलानं एक काळा डबा आणला. चपलांच्या खोक्याएवढा. मुलगा विकायला काढलेल्या घरांचे व्हिडिओ करायचा, त्याचं काम शेजारच्या खोलीत चालायचं.

“याला नॅस म्हणतात, आई. घरातले सगळे फोन, सगळे कॉम्प्युटर वाय-फायवरून यातच सामान ठेवणार. आत दोन डिस्क आहेत. एकीत जे जाईल ते आपोआप दुसरीतही. एक मेली तरी दुसरी जिवंत. आता निर्धास्त झोप.”

“आणि दोन्हींतून गेलं तर?”

“दोन्ही एकदम मरतात होय? आई, तू पण ना!”

तो हसला आणि बाईंनी विषय सोडला. वर्गात त्या रोज सांगायच्या, समजलं नाही तर पुन्हा विचारा, शंभरदा विचारा. पण ज्याला आपण बोट धरून चालवलं त्याला दुसऱ्यांदा विचारताना माणसाला लाज वाटते. फोनमधलं सगळं डब्यात गेलं आणि फोन रिकामा झाला. डब्यावर दोन हिरवे दिवे लागले. पुढे ज्या वहीत बाई प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहायच्या, तीही मागे पडली. डब्यात आवाजच असताना ओळी कशाला लिहायच्या?

ठकी ही सात वर्षांची मुलगी चौदा महिन्यांपासून येत होती. हे नाव बापानंच ठेवलेलं, कारण बाहुलीसारखी बसवाल तिथे बसायची. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, एकटाच तिला सांभाळायचा. त्यानं सोमवारी बाईंना फोन केला.

“बाई, शनिवारी तिला माझ्या ताईकडे सोडतोय. तिकडेच राहील. हा आठवडा शेवटचा.”

“तिथे शिकवणारं कुणी आहे?”

“नाही. पण इथे तरी कुठे काय होतंय? चौदा महिने झाले, बाई. मी रोज ऐकतो ना.”

बाईंनी नेहमीचंच उत्तर दिलं. “उद्या पाच वाजता तिला घेऊन या. तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं.”

“बरं, येतो. पण ऐकून तिकीट बदलणार नाही हां.”

असं तर अकरांपैकी निम्मे म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला बाईंनी कॉम्प्युटरवर डब्यातलं ठकीचं फोल्डर उघडलं. पंधरा रेकॉर्डिंग असायला हवी होती. एकच होतं, गेल्या आठवड्यातलं. त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. दुसऱ्या मुलाचं फोल्डर उघडलं. एक. तिसऱ्याचं. एक. एकोणीस वर्षांत शिकवलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे एकेकच रेकॉर्डिंग उरलं होतं, आणि तेही शेवटचं.

“अरे, इकडे ये जरा.”

मुलगा हेडफोन गळ्यात अडकवून आला. त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

“हां, ते मी आवरलं ना! चार दिवसांपूर्वी डबा गच्च भरला होता, माझे व्हिडिओ मावेनात. बघतो तर तुझ्या फोल्डरमध्ये एकच वाक्य वीस-वीस वेळा. आधीची सगळी खराब. कुणी रडतंय, कुणाची खुर्ची वाजतेय, काहींत तर नुसती शांतता. मग प्रत्येकाचं चांगलं तेवढं ठेवलं. तुला विचारलंही होतं, जुनं काढू का म्हणून.”

विचारलं होतं खरं. बाई तेव्हा कणीक मळत होत्या. त्यांना वाटलं, त्याचं जुनं. त्यांनी मान हलवली होती.

“चांगलं तेवढं,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या डिस्कमधून काढून दे मला.”

“दुसरीतूनही गेलं ते.”

“दोन कशाला मग?”

मुलगा खुर्ची ओढून बसला. “आई, ती आरशासारखी असते. तू आरशासमोर उभी राहून टिकली पुसलीस, तर आरशातली राहील का? डिस्क बिघडली तर दुसरी उपयोगाची. आपण पुसलं तर दोन्हीकडचं पुसतं.”

समजावलं मात्र त्यानं छान. बाईंनी स्वतः याहून सोपं समजावलं नसतं. एवढंच, की दोन वर्षं उशिरा.

“रीसायकल बिन असते ना?”

“रिकामी केली. जागाच हवी होती ना. आणि आता त्याच जागी माझे व्हिडिओ बसलेत.” त्याच्या आवाजातला उत्साह हळूहळू ओसरला. “महत्त्वाची होती का ती?”

डब्यावरचे दोन्ही दिवे हिरवेगार होते. दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या.

पाचला लिफ्टवाला आला. हातांना ग्रीसचा वास, मागे ठकी. ती नेहमीच्या खुर्चीवर बसली.

बाईंनी जे होतं ते लावलं. गेल्या आठवड्यातलं. ठकीचा आवाज खोलीत घुमला.

‘कलेवल बसून काली मांजल लस्ता बघते.’

लिफ्टवाला थांबला. अजून काही येईल म्हणून त्यानं वाट पाहिली. “एवढंच?”

“पहिल्या दिवशी हिनं एक शब्द म्हटला नव्हता. बाकाखाली जाऊन बसली होती. तीन मिनिटं नुसता श्वास ऐकू येत होता. चौथ्या महिन्यात पहिला ‘म’ आला. आणि आता अख्खं वाक्य—”

“मग ते ऐकवा की. श्वास, ‘म’, जे असेल ते.”

बाईंनी मान खाली घातली. दारातून मुलगा पुढे आला.

“काका, ते माझ्याकडून डिलीट झालं. चूक माझी आहे, आईची नाही.”

लिफ्टवाल्यानं एकदा आईकडे, एकदा मुलाकडे पाहिलं. “बरं सोयीचं डिलीट झालं,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टमध्ये लोंबकळून आलेल्या माणसाचा थकवा होता.

“अहो, खरंच—”

“असू दे रे. मी काय भांडायला नाही आलो. हे बघा बाई, माझी आई म्हणायची, मी पण उशिराच बोललो. म्हणजे हिचं जे काय व्हायचं ते होईलच. ताईकडे अंगण आहे, पोरं आहेत. इथे येऊन रोज तीच मांजर.”

बाई ठकीसमोर वाकल्या. “ठकी, तू म्हण ना बाबांसमोर. घाई नाही.”

ठकीनं बापाकडे पाहिलं. आत्ताच तिचा आवाज ऐकून त्यानं ‘एवढंच?’ म्हटलं होतं, हे कळायला काही वाचा लागत नाही. तिनं ओठ आत ओढून घट्ट मिटले. चौदा महिन्यांपूर्वी मिटायची तसेच.

“बघा,” लिफ्टवाला म्हणाला आणि उठला. बाईंनी घाईघाईनं एका कागदावर सरावाचे पाच धडे लिहून दिले. रोज दहा मिनिटं, आरशासमोर. त्यानं न वाचताच घडी करून तो खिशात ठेवला. दारापाशी जाऊन परत वळला.

“हे एवढं मात्र द्या मला, मघाशी लावलंत ते. ताईला ऐकवतो. पोरगी कशी बोलते ते तिला फोनवर सांगून पटत नाही.”

“आत्ता पाठवतो, काका!” मुलगा म्हणाला. काहीतरी देता येतंय याचाच त्याला आनंद झाला होता. दोन सेकंदांत लिफ्टवाल्याच्या फोनमध्ये टिंग वाजलं.

आलं की नाही बघायला त्यानं जिन्यातच ते लावलं. ‘कलेवल बसून काली मांजल...’ ठकी त्याची बाही ओढत होती, पण बापानं पूर्ण ऐकलं आणि एक मजला खाली उतरून पुन्हा एकदा ऐकलं. बाई वरच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. ‘बसून’ आणि ‘बघते’ हे दोन शब्द पोरीनं किती स्वच्छ म्हटलेत, हे त्या जिन्यात त्यांच्याशिवाय कुणालाच ऐकू आलं नाही.